पाऊस एकच, मग संगणक इतक्या पद्धती का विचारतो?

प्रश्न : पूर्णा खोऱ्यातल्या पुराचा अभ्यास एचईसी-एचएमएस या सॉफ्टवेअरवर करतो आहे. पाऊस कसा भरायचा, याचे सात-आठ पर्याय दिसतात. सगळ्यात आधुनिक तो निवडावा का? (एक विद्यार्थी, अकोला)

उत्तर : पाऊस मोजला जातो मोजक्या ठिकाणी आणि पडतो सगळ्या खोऱ्यावर. मधली जागा कशी भरायची, एवढाच या पर्यायांत फरक आहे.

आधी हेतू ठरवा. पुलाची मोरी किंवा सांडवा आखायचा असेल, तर वारंवारितेवर बेतलेला कल्पित पाऊस घ्यावा. जुलै 2021 मध्ये अकोल्यातल्या मोर्णा नदीला आलेला पूर पुन्हा उभा करायचा असेल, तर प्रत्यक्ष नोंदीच हव्यात. यादीतले एससीएसचे (अमेरिकेच्या मृदसंधारण खात्याचे) तयार साचे अमेरिकेतल्या पावसावरून बेतलेले आहेत, ते तपासल्याशिवाय आपल्याकडे लावू नयेत.

ग्रिडचा पर्याय सर्वांत अचूक, हा समज मला फार वेळा भेटतो. हवामान खात्याची दैनिक ग्रिड पाव अंशाची आहे, म्हणजे एक चौकोन सुमारे 25 किलोमीटरचा. तीही पर्जन्यमापकांच्याच नोंदींवरून तयार होते. छोट्या नाल्याचे अख्खे पाणलोट एकाच चौकोनात मावते, मग नकाशा कितीही देखणा दिसो, नवी माहिती त्यात नसते.

आपल्याकडची खरी अडचण सातपुड्याची आहे. डोंगरावरच्या चिखलदऱ्याला सपाटीवरच्या अकोल्याच्या साधारण दुप्पट पाऊस पडतो. शहानूर आणि वान या नद्या मेळघाटातून खाली येतात, मापक मात्र बहुतेक सपाटीवर. थिसेनची 1911 ची पद्धत जवळच्या मापकाचा आकडा डोंगरावरही तसाच पसरवते. अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देणाऱ्या पद्धतीलाही उंची कळत नाही. म्हणून मी मापकांना वजन देण्याचा पर्याय सुचवेन. त्यात मापकाची आणि उपखोऱ्याची वार्षिक सरासरी भरली की त्या गुणोत्तराने पाऊस दुरुस्त होतो.

दुसरा फायदा त्याहून मोठा. पावसाची एकूण मात्रा आणि त्याची वेळ यांना त्यात वेगवेगळी वजने देता येतात. मात्रा महसूल मंडळांच्या रोजच्या नोंदींवरून घ्या, वेळ स्वयंचलित केंद्रावरून. 65 मिलिमीटर, म्हणजे अतिवृष्टीच्या उंबरठ्यावरचा पाऊस, चोवीस तासांत सारखा वाटला तर ताशी पावणेतीन मिलिमीटर भरतो. तोच तीन तासांत कोसळला असेल तर ताशी जवळपास 22. पहिल्या हिशेबात पुराचा माथा कितीतरी खाली येतो, आणि दोष उगाच जमिनीच्या आकड्यांवर, म्हणजे पाणी किती मुरते या अंदाजावर, जातो.

तारखाही जपा. दैनिक नोंद सकाळी साडेआठला होते. 21 तारखेच्या दुपारचा पाऊस 22 तारखेच्या खात्यात जमा असतो. हे विसरलात तर नदी आधी चढते आणि पाऊस नंतर पडतो. हे सगळे जुळवून झाल्यावर येणारा प्रवाह गोपाळखेड्याला मोजलेल्या पूर्णेच्या प्रवाहाशी ताडून पाहा. तोपर्यंत जमिनीच्या आकड्यांना हात लावू नका.