भौतिक बदल आणि रासायनिक बदल

सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा गलाईचा व्यवसाय सांगली जिल्ह्यातील अनेक कुटुंबांनी देशभर नेला. बंगळूरच्या चिकपेटेसारख्या सराफी पेठांतून तो चालतो. मुशीतील चांदी सुमारे ९६२ अंश सेल्सियसला वितळते आणि निवताच पुन्हा घट्ट होते. पदार्थ तोच राहतो. हा भौतिक बदल होय. सोन्यातील चांदी वेगळी करण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरतात, तेव्हा तपकिरी विषारी वायू निघतो व चांदीचे सिल्व्हर नायट्रेट बनते. हा रासायनिक बदल होय. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवल्यास चांदी परत मिळते. म्हणून ‘उलटवता येतो तो भौतिक बदल’ ही समजूत चुकीची ठरते. नवा पदार्थ निर्माण झाला की नाही, हीच खरी कसोटी.