पहिली टू-स्ट्रोक क्वाड : निवड आणि निगा

आपल्या सभासदांपैकीं ज्यांचे मुलगे-पुतणे अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत, त्यांच्या कानांवर ‘क्वाड’ हा शब्द आलाच असेल. चार जाड, फुगीर चाकांची, मोटारसायकलीप्रमाणें दांडी धरून चालविण्याची ही गाडी होय. तिकडील शेतकरी कुंपण पाहण्यास व जनावरें वळविण्यास जी क्वाड वापरतात ती बहुधा फोर-स्ट्रोक इंजिनाची, शांत स्वभावाची असते. आजचा विषय तिची तापट बहीण, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाची वेगवान क्वाड, हा आहे. हा विषय शेतकी मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, आपल्या पाठीवरील पेट्रोल फवारणी पंपाचें इंजिन आणि या गाडीचें इंजिन यांचा धर्म एकच आहे. एकाची निगा ज्यास नीट कळली, त्यास दुसऱ्याची समजावयास वेळ लागत नाहीं.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियांतील सॅन होआकीन खोऱ्यांत, बदामाच्या बागांच्या मुलखांत राहतो. त्यानें अशी एक जुनी गाडी घेतली आणि पहिल्याच महिन्यांत तिचें इंजिन जाम झालें. मी त्या वेळीं तेथेंच होतों. भर वेगांत मागलीं दोन्ही चाकें एकदम अडलीं. क्लच दाबण्याचें त्यास सुचलें म्हणूनच तो बचावला. पुढील मजकूर त्या प्रसंगानंतर आम्हीं दोघांनीं इंजिन खोलून जें पाहिलें त्यावरून लिहिला आहे.

प्रथम निवडीविषयीं. या वर्गांतील नामांकित गाड्यांचें उत्पादन कधींच थांबलें आहे. सुझुकीची एलटी-250आर 1985 ते 1992, होंडाची टीआरएक्स-250आर 1986 ते 1989, आणि यामाहाची बॅन्शी अमेरिकेच्या बाजारांत 1987 ते 2006 पर्यंत मिळत असे. म्हणजे आज जी घ्यावयाची ती जुनीच, आणि जुनी गाडी घेणारा तिच्या पूर्वीच्या धन्यांच्या संवयीही विकत घेतो. बॅन्शीचें नांव आमच्या वाचकांस परकें वाटेल, परंतु तिची नातलग आपल्या रस्त्यांवर धांवून गेली आहे. 1983 मध्यें आलेली राजदूत 350 पुष्कळांस आठवत असेल. दोहोंच्या इंजिनांस दोन सिलिंडर, दोहोंचा व्यास 64 मि.मी. आणि पिस्टनची धांव 54 मि.मी., म्हणजे एकूण 347 घ.सें.मी. राजदूत हवेनें थंड होई, बॅन्शी पाण्यानें होते, एवढा मुख्य भेद.

पहिलीच क्वाड म्हणून बॅन्शी घ्यावी काय ? माझें मत नकारार्थी आहे. हिचें बळ खालच्या फेऱ्यांत नसतें. इंजिन चढूं लागलें कीं तें एकाएकीं येतें, आणि नवशिक्याचा अंगठा त्या वेळीं थ्रॉटलवर घट्ट बसलेला असतो. त्याच कंपनीची ब्लास्टर, एका सिलिंडरची, 195 घ.सें.मी.ची व हवेनें थंड होणारी, शिकणारासाठीं पुष्कळ बरी. शेतकामास तर या जातीची कोणतीच घेऊं नये. बॅन्शीस मागें जाण्याचा गिअर नाहीं, ओझ्यासाठीं कठडा नाहीं, आणि धिम्या चालीनें ओढण्याचें काम तिच्या इंजिनास मानवत नाहीं.

तरीही घ्यावयाचीच असेल तर पाहावयास जातांना आधीं निरोप द्यावा कीं, इंजिन चालू करून ठेवूं नका. गेल्यावर प्रथम इंजिनास हात लावून तें गार आहे कीं नाहीं पाहावें. गरम इंजिन लबाड विक्याचा मित्र असतो. किकनें सुरू होण्याची खरी परीक्षा गार असतांनाच होते. चासीवरील व इंजिनावरील क्रमांक कागदांशीं ताडून पाहावे. सांध्यांवर नवा रंग दिसला तर त्याखालीं तडा तर नाहीं ना, हें तपासावें. मागील आंस फिरवून तो वांकडा आहे कीं काय तें पाहावें. सिलिंडर किती वेळां बोअर केले व आतां पिस्टन कोणत्या मापाचा आहे, हें विचारावें, 64 मि.मी.च्या वर जसजसें माप गेलें तसतसें पुढील दुरुस्तीस जागा कमी.

यानंतर दाबाचें माप. हें मापक स्पार्क प्लगच्या जागीं बसवून किक मारली असतां दोन्ही सिलिंडरांचा दाब जवळजवळ सारखा यावा. आमच्या पुतण्यानें हें सर्व केलें होतें. म्हणूनच इंजिन जाम झाल्यावर तो मला म्हणाला, “काका, दाब तर दोहोंकडे सारखा होता, मग हें झालें कसें ?”

कसें झालें तें सांगतों. टू-स्ट्रोक इंजिनांत क्रँकसाठीं निराळी तेलाची टाकी नसते. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच बेअरिंगास व पिस्टनास वंगण पुरवितें. हें मिश्रण प्रथम क्रँककेसमध्यें येतें व तेथून सिलिंडरांत जातें. क्रँकच्या टोकाशीं असलेलें रबरी सील वयानें कडक झालें कीं त्यांतून बाहेरची हवा आंत ओढली जाते. मग मिश्रणांत हवा अधिक व पेट्रोल कमी. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरास धरतो. बॅन्शीच्या दोन्ही सिलिंडरांचे क्रँककेस आंतून वेगळे असल्यामुळें एकच बाजू मरते. आमच्याकडे डावीच मेली. दाबाचें माप पिस्टनच्या वरची बाजू सांगतें. खालची सांगत नाहीं. खालची पाहावयाची तर कार्बुरेटरचें व धुराड्याचें तोंड बंद करून आंत सुमारें 6 पौंड दाबाची हवा भरावी व ती सहा मिनिटें टिकते कीं नाहीं पाहावें. आम्हीं नंतर तसें केलें व साबणाचें पाणी लावलें. डाव्या बाजूस फ्लायव्हीलच्या मागें बुडबुडे स्पष्ट आले. हीच परीक्षा खरेदीपूर्वीं झाली असती तर एका सीलच्या किंमतींत काम भागलें असतें.

उजव्या बाजूचें सील गेलें तर लक्षण निराळें. तें क्लचच्या बाजूस असल्यानें गिअरबॉक्समधील तेल ओढतें. पांढरा धूर थांबत नाहीं व गिअरबॉक्सचें तेल कमी होत जातें.

आतां निगा. मिश्रण करतांना अंदाज चालवूं नये. ज्या गाडीच्या पुस्तकांत जें प्रमाण असेल तें धरावें व मापाचें भांडें ठेवावें. 32 भागांस 1 भाग असेल तर 5 लिटर पेट्रोलास 156 मि.लि. तेल लागतें, 24 भागांस 1 असेल तर 208. फवारणी पंपासही हाच हिशेब. “थोडें जास्त तेल घातलेलें बरें” हा समज मात्र सर्वस्वी खरा नव्हे, कारण तेल वाढविलें तितकें त्याच जेटमधून जाणारें पेट्रोल घटतें. धुराडें किंवा हवेची गाळणी बदलली तर जेट बदललाच पाहिजे. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग फिकट तपकिरी असावा. पांढरा दिसला तर गाडी तेथेंच थांबवावी.

हवेची गाळणी फोमची असते. ती धुवून, वाळवून, तिचें तेल लावून मगच बसवावी, आणि वाळूंत फिरल्यास दर फेरीनंतर धुवावी. ग्लॅमिसच्या टेकड्यांची बारीक वाळू एका दिवसांत नवा पिस्टन घासून टाकूं शकते. इंजिन गार असतांना जोर देऊं नये, कारण पिस्टन लवकर तापून फुगतो व पाण्यानें वेढलेला सिलिंडर मागें राहतो. लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटून इंजिनाच्या रोधानें उतरूं नये. फेऱ्या जास्त आणि तेल कमी, अशी ती स्थिति असते. मधून मधून क्लच दाबून थोडें पेट्रोल द्यावें. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकींतलें मिश्रण काढून कार्बुरेटरची वाटी रिकामी करावी. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असल्यानें तें ओलावा धरतें.

अमेरिकेंत 1988 मध्यें सरकार व कारखानदार यांच्यांत जो करार झाला, त्यानें तीनचाकी गाड्यांची विक्री बंद झाली व 90 घ.सें.मी.वरील चौचाकी सोळा वर्षांखालील मुलांस देऊं नये असें ठरलें. पुतण्याचा मुलगा चौदा वर्षांचा आहे व रोज किल्ली मागतो. आतां डावा सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसविला आहे, सीलें दोन्ही नवीं आहेत, आणि किल्ली पुतण्याच्या खिशांत आहे.