शर्यतीच्या गाडीची टाकी : कापड पाहा, तारीखही पाहा

पेट्रोलची टाकी म्हणजे पत्र्याचा डबा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रोजच्या गाडीपुरती ती चालून जाते. परंतु मेक्सिकोत १९६७ साली सुरू झालेली बाहा १००० किंवा २०२० पासून सौदी अरबस्तानात होणारी डाकार रॅली, अशा वाळू-खडकांच्या शर्यतींत गाडी उलटणे नवलाचे नाही. पत्रा दबतो, सांधा उकलतो आणि पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर सांडते. पुढे काय होते, हे सांगायला नको. १९६४ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर पेट्रोलच्या आगीत दोन चालक दगावले. त्यानंतर सुरक्षित टाकीचा आग्रह वाढला.

ही सुरक्षित टाकी आम्हा कापडवाल्यांच्या ओळखीची आहे, कारण मुळात ती कापडाची पिशवी असते. नायलॉन किंवा केव्हलरसारख्या मजबूत धाग्याचे विणलेले कापड आणि त्यावर पेट्रोलला दाद न देणारा रबरी लेप. ताणा-बाणा ओढ सोसतो, लेप गळती रोखतो. धक्का बसला तर पिशवी दबते, सहसा फाटत नाही. एफ.आय.ए. या आंतरराष्ट्रीय मोटार संघटनेने तिच्या एफटी-३, एफटी-३.५ आणि एफटी-५ अशा चढत्या मजबुतीच्या प्रती ठरविल्या आहेत.

गाडी बांधणाऱ्यांनी पुढील बाबी पाहाव्यात :

१) पिशवी धातूच्या पेटीत असावी आणि पेटी गाडीच्या पोलादी सांगाड्याला पक्की आवळलेली असावी. चालक व टाकी यांच्यामध्ये आग अडविणारा पत्रा हवा.

२) पिशवीत खास स्पंज भरावा. त्याने पेट्रोल हिंदकळत नाही आणि भडक्याचा जोर कमी होतो.

३) हवेच्या नळीला, गाडी उलटताच बंद होणारा व्हॉल्व्ह असावा. नळीचे तोंड गाडीबाहेर काढावे.

४) पेट्रोलच्या नळ्या पोलादी तारांच्या विणीच्या घ्याव्यात. त्या सायलेन्सरपासून दूर ठेवाव्यात. चालकाच्या कक्षात नळीला जोड नसावा.

५) इंजिन थांबताच पंप थांबावा. वीज तोडण्याचे मुख्य बटण आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हाताशी असावे.

आता खरेदीची गोष्ट. पिशवीवर दर्जा, कारखान्याचे नाव, अनुक्रमांक आणि मुदत छापलेली असते. एफ.आय.ए.च्या नियमाप्रमाणे ती तयार झाल्यापासून ५ वर्षे चालते. त्यानंतर कारखान्याने तपासून पुन्हा दाखला दिला, तरच जास्तीत जास्त २ वर्षे वाढतात. गाडी शर्यतीत एकदाही उतरली नसली तरी मुदत सरतेच, कारण गोदामात पडूनही रबर कडक होते, घडीवर भेगा पडतात, स्पंजचा भुगा होऊन पंपात अडकतो.

म्हणून जुन्या बाजारात कोणी "कोरा माल आहे, वापरलेलाच नाही" म्हणून निम्म्या भावात पिशवी दाखविली, तर भाव करण्याआधी तिच्यावरची तारीख वाचावी. मुदत संपलेला माल फुकटही महाग. साडीचा ठाण कमी प्रतीचा निघाला तर गिऱ्हाईक परत येऊन भांडते. इथे भांडायला गिऱ्हाईक उरेलच असे नाही.