कोंबडीच्या पिल्लांची पोटदुखणी : ओळख आणि उपचार

परसातील कोंबडीपालन आता केवळ खेड्यापुरते मर्यादित राहिलेले नाही. बेंगळुरूसारख्या महानगरातही घरामागच्या मोकळ्या जागेत, कधी गच्चीवर, चार-सहा पिल्ले पाळणारी कुटुंबे आढळतात. या शहराला कुक्कुटसंशोधनाची परंपराही आहे. 1958 साली सुरू झालेल्या हेब्बाळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात ‘गिरिराजा’ ही परसात सहज वाढणारी रंगीत जात विकसित झाली. पुढे ‘स्वर्णधारा’ ही अधिक अंडी देणारी जातही तेथेच तयार झाली. शहराच्या वायव्येस हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची कुक्कुटविकास संस्था आहे. ‘नाटी कोळी’ म्हणजे गावठी कोंबडी. तिच्याविषयी बेंगळुरूकरांना वाटणारी ओढ तर सर्वश्रुतच आहे.

पिल्ले आणणे सोपे आहे, पहिल्या सहा आठवड्यांतून ती पार पाडणे मात्र अवघड. या काळातील पुष्कळसे मृत्यू पचनसंस्थेच्या विकारांमुळे होतात आणि त्यांपैकी अनेक टाळता येण्याजोगे असतात. घरगुती उपचारांत नेहमी होणारी चूक अशी, की फुगलेली गळ्याखालची पिशवी हाच रोग समजून तिच्यावर उपाय सुरू केले जातात. वस्तुतः ही पिशवी बहुतेक वेळा दुसऱ्या एखाद्या बिघाडाची सूचना देत असते. ती सूचना वाचता आली, तर उपचाराची दिशा चुकत नाही.

पचनाचा मार्ग

कोंबडीला दात नसतात. टिपलेले अन्न अन्ननलिकेतून प्रथम गळ्याच्या बुडाशी, छातीच्या किंचित उजव्या बाजूस असलेल्या पिशवीत उतरते. व्यवहारात हिला ‘क्रॉप’ म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत हे अन्नपुट होय. येथे अन्न साठते, भिजते आणि मऊ होते. खरे पचन येथे होत नाही. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही अल्पमुदतीची ठेव आहे. पक्षी घाईघाईने टिपून ठेवतो आणि मग सावकाश पुढे पाठवतो.

अन्नपुटातून अन्न ग्रंथियुक्त जठरात जाते. तेथे पाचकरस मिसळतात. त्यानंतर पेषणी, म्हणजे कोंबडीच्या दुकानात ज्याला ‘पेटा’ म्हणतात तो जाड स्नायूंचा अवयव, ते दळून काढते. दळण्यासाठी तिला बारीक खड्यांची गरज असते; हे खडेच कोंबडीचे दात. पुढे लहान आतडे, दोन अंधांत्रे आणि शेवटी मलमूत्राचे एकच द्वार. या मार्गात कोठेही अडथळा आला तरी त्याचा ताण मागे सरकत अन्नपुटावर येतो. म्हणूनच फुगलेल्या अन्नपुटाचे कारण पुष्कळदा त्याच्या खाली शोधावे लागते.

सकाळची आणि रात्रीची तपासणी

निरोगी पिल्लाचे अन्नपुट रात्री झोपण्यापूर्वी भरलेले असते आणि सकाळी दाणे देण्यापूर्वी जवळजवळ रिकामे असते. या एका नियमावर सारे निदान उभे आहे. पिल्लू हातात धरून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये पिशवी हलकेच चाचपावी. रात्री ती भरलेली पण मऊ, लापशीने भरलेल्या पुरचुंडीसारखी लागली तर पिल्लाने दाणा आणि पाणी दोन्ही घेतले आहे. कडक व दाणेदार लागली तर खाद्य मिळाले, पाणी कमी पडले. फुगीर पण पाण्यासारखी डुचमळत असेल तर पाणीच पोटात गेले, दाणा गेला नाही. रिकामी असेल तर पिल्लाला खाद्याची जागाच सापडलेली नाही, किंवा ते आजारी आहे.

सकाळच्या तपासणीला अधिक महत्त्व आहे. सकाळीही पिशवी भरलेलीच असेल, तर पुढील मार्ग अडला आहे असे समजावे. संशय आल्यास पिल्लू वेगळे ठेवावे, दोन-तीन तासांनी पुन्हा चाचपावे आणि मगच निष्कर्ष काढावा. एकच पिल्लू आजारी आहे की सारी, याचीही नोंद घ्यावी. एकाच पिल्लाला त्रास असेल तर कारण बहुधा त्याच्या खाण्यात असते. अनेकांना असेल तर पाणी, गादी, ऊब किंवा साथ यांकडे पाहावे.

पहिला आठवडा : ऊब आणि चिकटलेले द्वार

अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिल्लू बलकाचा उरलेला भाग पोटात ओढून घेते. त्यावर ते साधारण दोन ते तीन दिवस तग धरते. म्हणूनच एक दिवसाची पिल्ले दूरवर पाठवता येतात. परंतु बलक आहे म्हणून पाणी-दाण्याला उशीर करणे हितावह नसते, कारण आतड्याची वाढ खाद्य मिळू लागल्यावरच वेग घेते.

या वयात नेहमी आढळणारी तक्रार म्हणजे विष्ठा चिकटून मलद्वार बंद होणे. पिल्लू कण्हते, पोट ताठते आणि लक्ष न दिल्यास ते दगावते. कारण बहुधा ऊब कमी किंवा जास्त पडणे हे असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान लागते. नंतर दर आठवड्याला ते सुमारे 3 अंशांनी कमी करतात. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर असल्याने डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथे पिल्लांना गारठा जाणवतो. दिव्याखाली पिल्ले एकमेकांवर चढून गर्दी करत असतील तर थंडी आहे. दिव्यापासून दूर पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त आहे. सर्वत्र विखुरलेली असतील तर तापमान योग्य आहे.

चिकटलेली विष्ठा कोरडीच ओढू नये. त्यामुळे कातडी फाटते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने ती मऊ करून पुसावी, पिल्लू लगेच कोरडे करून ऊबेत ठेवावे आणि त्या जागी खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. मलद्वाराच्या पुढे पोटावर दिसणारी नाळेची वाळलेली खूण मात्र विष्ठा समजून ओढू नये. ती जागा ओली, सुजलेली व दुर्गंधीयुक्त असेल तर नाळेचा संसर्ग झाला आहे असे समजून तत्काळ पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा.

अडलेले अन्नपुट

दोन-तीन आठवड्यांनंतर पिल्ले बाहेर चरू लागली की दुसरा धोका सुरू होतो. लांब गवताच्या काड्या, काथ्या, केस, प्लॅस्टिकचे तुकडे, थर्मोकोलचे मणी आणि विशेषतः दोरे पिशवीत अडकून गोळा होतो. देवपूजेनंतरचे हार आणि गजरे परसात टाकण्याची सवय अनेक घरांत असते. फुले कुजतात, दोरा मात्र पिल्लाच्या पोटात जातो. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरेही असेच घातक ठरतात. निर्माल्याचा दोरा काढूनच फुले टाकावीत.

अशा पिल्लाची पिशवी सकाळीही कडक, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी लागते. त्याला आधी दाणे बंद करावेत. पाणी मात्र कधीही बंद करू नये. चोचीच्या कडेने ड्रॉपरने कोमट पाण्याचे थोडे थेंब आणि एक-दोन थेंब खाद्यतेल सावकाश द्यावे. पिल्लू स्वतः गिळते आहे याची खात्री करून मगच पुढचा थेंब द्यावा. नंतर बोटांनी पिशवी हळुवार चोळावी. दिवसातून तीन-चार वेळा असे केल्यास साधा गोळा बहुधा सुटतो. पिशवी मऊ पडल्यावर पातळ भिजवलेले स्टार्टर खाद्य थोडे थोडे द्यावे. लहान पिल्लाला दीर्घ उपवास सोसत नाही. एका दिवसात फरक पडला नाही तर दवाखाना गाठावा. पशुवैद्यक लहानशी शस्त्रक्रिया करून गोळा काढू शकतात. घरी ब्लेड चालवण्याचे धाडस कोणीही करू नये.

पिल्लू उलटे धरून पिशवी पिळण्याचा उपाय अनेकजण सुचवतात. तो टाळावा. तोंडात आलेला द्रव श्वासनलिकेत शिरून पिल्लू क्षणात गुदमरू शकते.

आंबलेले अन्नपुट

पिशवी फुगलेली पण मऊ आणि पाणीदार असेल व चोचीला आंबट वास येत असेल, तर आतील अन्न आंबले आहे. याच्या मुळाशी बहुधा कॅन्डिडा नावाची बुरशी असते. घाणेरडी भांडी, बुरशी लागलेले खाद्य, उरलासुरला शिळा भात आणि गरज नसता पाण्यातून दिलेली प्रतिजैविके यांमुळे ती बळावते. प्रतिजैविकाने उपयुक्त जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. त्यामुळे या विकारावर पुन्हा प्रतिजैविकच देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. निस्टॅटिनसारखी बुरशीनाशक औषधे पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावीत. मोरचूद जुना उपाय असला तरी प्रमाण चुकल्यास विषारी ठरतो. दही-ताक हे औषध नव्हे. भांडी रोज घासणे, खाद्य कोरडे ठेवणे आणि शिळे अन्न बंद करणे हाच निम्मा उपचार आहे.

रक्ती हगवण

तीन ते सहा आठवडे वयाच्या पिल्लांना सर्वांत मोठा धोका कॉक्सिडिओसिसचा, म्हणजेच रक्ती हगवणीचा. आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी आतड्याचे अस्तर फोडतात. पिल्लू पिसे फुलवून, पंख पाडून कोपऱ्यात बसते; विष्ठेत रक्त दिसते. खाणे मंदावल्याने अन्नपुट रिकामे राहते किंवा त्यात नुसते पाणी साचते. विष्ठेतून पडलेल्या परजीवीच्या अंडपेशींना ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत त्या रोगकारक बनतात. बेंगळुरूत पावसाळा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत लांबतो, त्यामुळे येथे गादी कोरडी ठेवणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. भाताच्या तुसाची गादी रोज हलवावी, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग लगेच काढावा.

उपचारासाठी पाण्यातून अँप्रोलियम देतात. प्रमाण वेष्टनावरील सूचनेनुसार किंवा पशुवैद्यकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावे. हे औषध परजीवीला ब-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही. म्हणून त्याच वेळी शक्तीसाठी ब जीवनसत्त्वाचे टॉनिक देऊ नये, अन्यथा औषधाचा प्रभाव कमी होतो. टॉनिक उपचार संपल्यावर द्यावे.

तपकिरी, चिकट व उग्र वासाची विष्ठा मधूनमधून दिसल्यास घाबरू नये. ती अंधांत्रांतून येते व स्वाभाविक असते. विष्ठेवरील पांढरा थरही मूत्राचा असतो.

फुगलेल्या पिशवीमागील साथीचे रोग

राणीखेत रोगात पिशवीत द्रव साचतो. जोडीला हिरवट हगवण, धाप आणि मान वाकडी होणे ही लक्षणे दिसतात. थोड्या मोठ्या तलंगांत मारेक रोगामुळे मज्जातंतू निकामी होऊन पिशवी रिकामी होत नाही; एक पाय पुढे व एक मागे असे पिल्लू पडून राहते. या दोन्ही रोगांत चोळण्याने काहीच साधत नाही. त्यांवर लस हाच उपाय. मारेकची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिली जाते. पिल्ले विकत घेतानाच ती दिली आहे का, हे विचारून घ्यावे. राणीखेतची पहिली लस पहिल्या आठवड्यात देतात व पुढे तिची पुनरावृत्ती करतात.

एखादे पिल्लू मेल्यास ते पुरून टाकण्याऐवजी पिशवीत गुंडाळून बर्फावर ठेवावे व त्याच दिवशी शवविच्छेदनासाठी पशुवैद्यकाकडे न्यावे. उरलेल्या पिल्लांचे प्राण त्यातून वाचू शकतात. मात्र एकाएकी अनेक पक्षी मेले तर त्यांना हात न लावता, कोठेही न नेता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये तो हेसरघट्ट्याच्या केंद्रातही पोहोचला होता. शास्त्रीय देखरेखीखालील केंद्रालाही जो चुकला नाही, त्याबाबत घरगुती पालकाने अधिक दक्ष असणे भाग आहे.

आहार आणि स्वच्छता

पहिली सहा ते आठ आठवडे सुमारे 20 टक्के प्रथिने असलेले स्टार्टर खाद्य हाच मुख्य आहार असावा. नाचणी, म्हणजे बेंगळुरूची रागी, जोडीला मूठभर चालते. पण केवळ तिच्यावर किंवा भातावर पिल्लू वाढत नाही. भरडलेले स्टार्टर खाणाऱ्या पिल्लाला खड्यांची गरज नसते. दाणे किंवा गवत सुरू केले की मात्र जाडसर स्वच्छ वाळू वेगळ्या भांड्यात ठेवावी. गवत देताना बारीक चिरून द्यावे. पिल्ले हाताळल्यावर मुलांसह सर्वांनी साबणाने हात धुवावेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लांतूनही साल्मोनेला जंतू माणसाला लागू शकतो.

एका साध्या वहीत तारीख, पिल्लांची संख्या, रात्रीचे व सकाळचे अन्नपुट, विष्ठेचा रंग आणि दिलेले औषध एवढ्याच नोंदी ठेवाव्यात. रोजच्या रोज लिहिलेल्या हिशेबात जशी चूक त्याच दिवशी सापडते, तसा आजारही त्याच दिवशी सापडतो. पिल्लाचा आजार फार थोडा अवधी देतो. पशुवैद्यकाकडे जाताना ही वही सोबत असली, तर तो अवधी वाया जात नाही.