कुंडीतली शेवंती बुटकी का?

रोपवाटिकेतून आणलेली शेवंती बुटकी, भरगच्च असते. काही महिन्यांनी तीच उंच, विरळ होते. असं का?

वनस्पतीत जिबरेलिन हे संप्रेरक असतं. त्यामुळे पेशी लांब होतात आणि खोड उंच वाढतं. १९२६ साली जपानी शास्त्रज्ञ कुरोसावा यांना भातरोगाचा अभ्यास करताना त्याचा सुगावा लागला.

रोपवाटिकेत डॅमिनोझाइडसारखं वाढनिरोधक पानांवर फवारतात. ते जिबरेलिन तयार होण्यात अडथळा आणतं. मग पेरं आखूड राहतात, पानं गर्द हिरवी दिसतात. मात्रा जास्त झाली, तर फुलं उशिरा येतात.

फवारणीचा परिणाम ओसरला की झाड पुन्हा वाढतं. म्हणजे झाड बिघडलेलं नसतं! मात्र अशा शोभेच्या फुलांच्या पाकळ्या तोंडात घालू नका.

कृती : जुन्या व नव्या पेरांची लांबी पट्टीने मोजा.