पहिली इलेक्ट्रिक घेण्याआधी

बाबू, बारावीचा निकाल लागला की इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, असं दादानं कबूल केल्याचं वहिनीकडून कळलं. फार बरं वाटलं. साधी गिटार तू आता नीट वाजवतोस, बोटांना घट्टे पडलेत, बारे कॉर्डही स्वच्छ वाजतो. पण ‘गिटार तर मला येतेच’ म्हणून तडक दुकानात शिरू नकोस. साध्या गिटारीचा आवाज तिच्या लाकडी पोटातून येतो. इलेक्ट्रिकमध्ये पिकअपच्या चुंबकापुढे तार हलते, त्याभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते, आणि आवाज निघतो तो अँपमधून. म्हणजे हातात येते ती अर्धीच गिटार. उरलेली अर्धी अँप, वायर आणि सेटिंगमध्ये असते. खालचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

१. पैसे आधी वाटून घे, गिटार नंतर बघ. वीस हजार असतील तर बारा-तेरा गिटारीला, चार-पाच अँपला, बाकीचे वायर, ट्यूनर, पट्टा, तारांचा एक जादा संच आणि सेटिंगला — सगळे पैसे गिटारीतच घातले तर घरी ती नुसती टिकटिकत राहते आणि आठवड्यात मन उतरतं.

२. काय वाजवणार ते कागदावर लिही, दहा गाणी पुरेत — दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो, आणि उत्तर नसलं की तो त्याला खपवायची असलेली गिटार काढतो.

३. लिहिलेली गाणी कान देऊन ऐक, त्यातली गिटार वेगळी काढून ऐक. ‘दम मारो दम’मधले भूपिंदर सिंगांचे सूर (१९७१) आणि ‘कर्ज’मधल्या ‘एक हसीना थी’ची गोरख शर्मांनी वाजवलेली धून (१९८०) एकामागोमाग ऐकून बघ — इलेक्ट्रिकचा आवाज एक नसतो, आणि आपल्याला कुठला हवा हे दुकानातल्या गोंगाटात ठरत नाही.

४. पिकअप दोन तऱ्हेचे, एवढं पाठ कर. एका वेटोळ्याचा सिंगल कॉइल खणखणीत वाजतो, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची घरघर सोबत आणतो. दोन वेटोळ्यांचा हंबकर भरदार वाजतो आणि घरघर गिळतो — त्यातली दोन वेटोळी उलटसुलट जोडलेली असतात, म्हणून एकातली घरघर दुसरीतली मारते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये ही युक्ती काढली, आणि आजही तीच चालते.

५. ठरतच नसेल तर ब्रिजपाशी हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली घे. यामाहाची पॅसिफिका ०१२ अशीच असते, इतर कंपन्यांतही ही जोडणी मिळते — एका गिटारीत जुनी गाणीही निघतात आणि रॉकही, आणि वर्षभरानं तुझी आवड तुलाच कळते.

६. आकाराच्या मोहात पडू नकोस. आज दुकानात दिसतात त्यातल्या बहुतेक गिटारी १९५० च्या दशकातल्या दोन-तीन नमुन्यांवरून बेतलेल्या आहेत, फेंडरची टेलिकास्टर, गिब्सनची लेस पॉल (१९५२) आणि फेंडरचीच स्ट्रॅटोकास्टर (१९५४) — टोकदार शिंगांच्या गिटारी फोटोत छान दिसतात, पण बसून रियाज करताना मांडीवरून घसरतात.

७. नेकची लांबी विचार. फेंडरच्या घराण्यात तारेची मोजलेली लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनच्या घराण्यात पावणेपंचवीस — पाऊण इंच कमी असलं की तार हाताला मऊ लागते आणि आखूड बोटं चौथ्या फ्रेटपर्यंत सहज पोचतात.

८. पट्टा लावून उभ्यानं वाजव, आणि एका गाण्यापुरतं नको, खांदा कंटाळेपर्यंत वाजव — तुझी आत्ताची गिटार पोकळ आहे. भरीव लाकडाची लेस पॉल तऱ्हेची चार किलोच्या पुढेही जाते, आणि गणपतीच्या कार्यक्रमात तीन तास ती तुलाच धरायची आहे.

९. तरंगता ब्रिज, म्हणजे फ्लॉइड रोज तऱ्हेचा, पहिल्या गिटारीला नको — त्यात स्प्रिंगा आणि तारा एकमेकींना तोलून धरतात; एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, आणि भर कार्यक्रमात ते निस्तरायला वेळ मिळत नाही. स्थिर ब्रिज घे. साधा ट्रेमोलो असला तर दांडी काढून ठेव.

आता दुकानातलं सांगतो. इथे तू लाजशील हे मला माहीत आहे. पाहुण्यांसमोर वाजव म्हटलं की दाराआड जातोस, तिथे चार अनोळखी पोरं उभी असताना तुझे हात आखडणार. पण दुकानात जो लाजला, तो घरी नाही वाजला. मुंबईत धोबीतलावाला फुर्ताडोसमध्ये जा (हे घर १८६५ पासून वाद्यं विकतंय) नाहीतर अकोल्यातल्या छोट्या दुकानात, गिटार हातात मागून घ्यायची आणि निवांत बसायचं.

१०. पहिल्यांदा वायर न लावता वाजव — नुसत्या लाकडावर जी गिटार मोकळी वाजते, तार लांबवर टिकवते, तिचा पाया चांगला असतो.

११. वायर लावली की आवाज साफ ठेव, डिस्टॉर्शन बंद करायला सांग — त्या गुरगुराटात तारेची भरभर, पिकअपची घरघर आणि तुझ्या बोटांच्या चुका सगळं झाकून जातं. दुकानदार तो आवाज आधी लावून देतो, कारण पोरं त्यावर खूश होतात.

१२. नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरव, नटपासून खालपर्यंत, सावकाश. फ्रेटची टोकं बोचली तर ती गिटार खाली ठेव — आपल्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातूची फ्रेट तेवढीच राहते, आणि टोकं करवतीसारखी बाहेर येतात. म्हणून खरेदी मे महिन्यात होतेय ते बरंच आहे. पारा पंचेचाळिसाच्या वर असताना जिच्या कडा गुळगुळीत आहेत, ती पावसाळ्यात तुला बोचणार नाही.

१३. गिटार बंदुकीसारखी डोळ्याला लावून डोक्याकडून ब्रिजकडे बघ. मग सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून मधल्या फ्रेटवर फट बघ, लग्नपत्रिकेच्या कागदाएवढी असली की पुरे — फटच नसेल तर तारा भरभरतील, फार असेल तर बोटं दुखतील. दोन्ही नेकमधली सळई फिरवून सुधारतं, पण ती फिरत नसलेली गिटार मात्र घेऊ नकोस. फिरवून दाखव म्हणायचं. पाव फेऱ्याच्या वर नाही.

१४. सगळ्या तारा सगळ्या फ्रेटवर एकेकदा वाजव. बावीस फ्रेटची असेल तर १३२ जागा होतात, पाच मिनिटांचं काम — मेलेली जागा नेमकी तुझ्या आवडत्या गाण्यातच निघते.

१५. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता, नुसता स्पर्श करून सूर काढ, मग तिथेच दाबून काढ, आणि दोन्ही ट्यूनरवर बघ — दोन्ही सारखे हवेत. फरक असेल तर ब्रिजवरच्या खोगीराचा स्क्रू फिरवून मिळवता येतो, आणि विकत घेण्याआधी तो मिळवून देणं दुकानदाराचं काम आहे.

१६. तिसरी तार चांगली ओढ, पाच-सहा वेळा बेंड मार, मग सूर तपास — तिथल्या तिथे उतरली तर चाव्या ढिल्या आहेत नाहीतर नटच्या खाचेत तार अडकते. नवीन तारा थोड्या उतरतातच, तेवढी सूट दे.

१७. बटणं पूर्ण फिरव, स्विच सगळ्या घरांत टाक, आणि जॅकपाशी वायर हलकेच हलवून बघ — खरखर झाली तर आत डाग ढिला आहे नाहीतर धूळ बसलीय. स्वस्तात सुधारतं, पण मग किंमतही त्या मानानं सांगायला सांग.

१८. पहिल्या दिवशी घेऊ नकोस. घरी ये, झोप, दुसऱ्या दिवशी फोन कर — घाईची खरेदी, सवडीची दुरुस्ती.

जुनी घ्यायची असेल तरी वाईट काही नाही. पुण्या-नागपुरात शिकायला गेलेली पोरं नोकरी लागली की चांगल्या गिटारी विकतात. फ्रेटवर तारांचे खड्डे किती खोल आहेत ते बघ आणि नेक जिथे अंगाला जोडलीय तिथे चीर नाही ना, ते उजेडात बघ. लेस पॉल तऱ्हेची असेल तर डोक्यामागचा भाग नखानं तपास. तिथे डोकं मागे कललेलं असतं, आणि पडली की तिथेच मोडते. कुरिअरनं मागवलीस तर खोकं उघडतानाचं चित्रीकरण करून ठेव.

१९. अँप लहान घे, दहा-पंधरा वॅटचा, हेडफोनची जागा असलेला — खोलीला तेवढा भरपूर होतो, आणि वहिनीची दुपारची झोप सांभाळली तर तुझा रियाज वर्षानुवर्षं चालेल.

२०. अँप निवडताना आपण घेणारी गिटारच लावून ऐक — दुकानातल्या महागड्या गिटारीवर कुठलाही अँप गोड लागतो.

२१. इफेक्टच्या पेट्या सहा महिने नको — आधी हाताला नुसत्या गिटारीचा आवाज काढता आला पाहिजे, मग पेटी त्याला सजवते.

२२. वायर चांगली घे, तीन मीटरची, आणि गुंडाळताना कोपराभोवती पिळू नकोस, मोकळे वेढे घाल — आतली तार पिळानं तुटते. वायर स्वस्त, कार्यक्रम ध्वस्त.

पुढचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस, बाबू. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा ब्रिजमधून, वायरमधून, अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. तू तारेला हात लावलास की तूही जोडला जातोस. अशा वेळी माइकमध्ये वीज उतरलेली असली आणि ओठ लागले, तर ती तुझ्या अंगातून जाते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी शहरात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस हार्वे असाच स्टेजवर गेला. माइकला हात लावला आणि संपलं. आपल्याकडे मंडपात एका फेजवर अँप, दुसरीकडून ओढलेल्या वायरवर माइक, खाली पावसानं ओली झालेली सतरंजी, हे दर गणपतीत असतं.

२३. अँपची तिसरी पिन कधी तोडू नकोस, दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबू नकोस — ती पिन घरघर वाढवायला नाही, जीव वाचवायला आहे. तुझ्या खोलीच्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून आधी तपासून घे, अँप नंतर लाव.

२४. खिशात टेस्टर ठेव आणि गाण्याआधी माइकच्या जाळीला लाव, दिवा लागला तर वाजवायचं नाही — साउंडवाला कितीही ‘काही होत नाही भाऊ’ म्हणाला तरी नाही.

२५. गिटार आणि माइक एकाच बोर्डवरून घ्यायला सांग, आणि पायात रबरी तळव्याची चप्पल ठेव — मंडपात अनवाणी वाजवायची हौस घरातल्या आरतीला राखून ठेव.

२६. वायर लावताना-काढताना अँपचा आवाज शून्यावर — त्या ‘धप्प’नं स्पीकरचा पडदा फाटतो, आणि शेजारी तक्रार करतात ती त्याच आवाजाची, तुझ्या गाण्याची नाही.

२७. मुंबई-पुण्याहून आणलीस तर आठवडाभर खोलीत राहू दे, मगच सेटिंग करून घे — दमट हवेतलं लाकूड आपल्या अकोटच्या उन्हाळ्यात बसायला वेळ लागतो, आणि आधी केलेलं सेटिंग वाया जातं. कारागिराला ‘आम्ही वऱ्हाडात राहतो, हवा कोरडी’ हे आवर्जून सांग.

२८. पश्चिमेच्या भिंतीवर टांगू नकोस, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नकोस — तापलेल्या गाडीत नेक वाकते आणि सरस सुटतो. अकोल्याहून आणताना रेल्वेनं ये. २०२२ पासून आपली अकोला-अकोट गाडी ब्रॉडगेजवर आलीय, पिशवी मांडीवर घेऊन बसता येतं.

२९. तारा ०.००९ इंचाच्या संचापासून सुरू कर. तुझ्या साध्या गिटारीची पहिली तार बहुधा ०.०१२ ची असेल. तोच जोर इथे लावलास तर सूर चढतो — फ्रेटला टेकेल इतकंच दाबायचं, ही एक सवय बदलायला महिना दे. आणि तिथल्या ब्राँझच्या तारा इथे चढवू नकोस; पिकअप लोखंड-निकेल ओळखतो, ब्राँझ नाही.

३०. न वाजणाऱ्या तारा तळहातानं झाकायला शीक — साध्या गिटारीत विरून जाणारी प्रत्येक चुकार तार अँपमधून मोठ्यानं ऐकू येते. इलेक्ट्रिक वाजवणाऱ्याचं निम्मं कसब गप्प ठेवण्यात आहे.

३१. वाजवून झालं की सुती फडक्यानं तारा पूस — आपला घाम उन्हाळ्यात थांबत नाही, आणि गंजलेली तार फ्रेटही खाते.

३२. साधी गिटार विकू नकोस, कोणी कितीही मागितली तरी — लाइट गेली की तीच वाजते, आणि बोटांची ताकद तिच्यावरच टिकते.

अकोल्याला जायचा दिवस ठरला की कळव, मी येतो सोबत. टेस्टर माझ्याकडे आहे. तू ट्यूनर घे, आणि त्या दहा गाण्यांचा कागद.