फिल्मच्या कॅमेऱ्यात सोनेरी किरण

झाडांच्या फटींतून तिरपे उतरणारे उन्हाचे पट्टे दिसतात ते हवेतल्या कणांमुळे. धुके, धूर किंवा धूळ यांवर उजेड विखुरतो आणि किरणांची वाट डोळ्यांना दिसू लागते. हवा निवळ असेल, तर ऊन कितीही सोनेरी असो, पट्टे उमटत नाहीत. हे कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्याकडे तोंड केले तरच किरण ठळक दिसतात. सूर्य पाठीशी ठेवण्याचा नवशिक्यांना मिळणारा सल्ला इथे कुचकामी ठरतो. शिवाय पट्ट्यामागे काळोख हवा. फिकट आकाशापुढे तो विरून जातो.

याचा सर्वांत परिचित दाखला मुंबईतला आहे. गुरुदत्त यांच्या १९५९ च्या ‘कागज के फूल’मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी स्टुडिओबाहेरचे ऊन मोठ्या आरशांनी आत वळवले, थोडा धूर सोडला आणि अंधाऱ्या स्टुडिओत तो गाजलेला झोत उभा केला. तेच ऊन अंगणात पडले असते, तर कोणी मान वळवून पाहिले नसते.

नागपुरात असे किरण टिपण्याचा हंगाम म्हणजे डिसेंबर-जानेवारीची सकाळ. रात्रीची गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धुके व शेकोट्यांचा धूर तिच्यातच अडकतो. सेमिनरी हिल्ससारख्या झाडीत तेव्हा पानेही शाबूत असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाची पाने गळाली की किरण गाळणारी चाळणीच नाहीशी होते आणि खाली नुसते सपाट ऊन पडते. पावसाळा उतरताना ढगांमधून किरण फुटतात. ते अंबाझरी तलावाच्या बांधावरून, पाण्यापलीकडे पश्चिमेला पाहताना सापडतात.

वेळेच्या बाबतीत परदेशी पुस्तकांवर विसंबू नये. नागपूर सुमारे २१ अंश उत्तरेला असल्याने सूर्य क्षितिजावरून बराच उभा चढतो, तासाला साडेबारा ते चौदा अंश. गडद सोनेरी रंग साधारण सहा अंशांपर्यंत टिकतो, म्हणजे पुस्तकातला ‘गोल्डन अवर’ इथे अर्ध्या तासात आटोपतो. जानेवारीत सूर्योदय सातच्या जरा आधी होतो. त्यानंतरच्या अर्ध्या तासात जागा शोधायची, तिपाई उघडायची आणि मीटरही पाहायचा म्हटले तर हाती काही लागत नाही. पूर्वेची बाजू मोकळी असलेली जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवलेली बरी.

सर्वाधिक रोल वाया जातात ते एक्स्पोजर चुकल्याने. मीटरला समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे वाटते. सूर्य थेट चौकटीत आला की तो घाबरून शटर वेगवान सुचवतो आणि झाडीचा कोळसा होतो. उलट, बुंध्याची सावली मोजली तर बुंधा करडा होतो आणि किरण धुऊन निघतात. म्हणून सूर्य बुंध्याआड किंवा चौकटीबाहेर ठेवून उजळलेल्या धुक्यावरच मीटर रोखावा. २०० आयएसओच्या रोलवर तिथे १/१२५ आणि एफ ५.६ आले, तर कलर निगेटिव्हला एक स्टॉप जास्त देऊन १/६० वर फोटो घ्यावा. जमल्यास आणखी एक फ्रेम १/३० वर. निगेटिव्ह जादा उजेड पचवते, कमी उजेड नाही. स्लाइड फिल्मचे गणित उलटे आहे: जादा उजेडाने जळलेला भाग परत मिळत नाही. तिथे अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने फ्रेम घेणे महाग पडले तरी भाग आहे.

लेन्सवर बोटाचा ठसा किंवा पावसाळ्यात धरलेली बुरशी असेल, तर समोरच्या उजेडात सगळ्या चित्रावर पांढुरकी साय येते. हूड लावावे, पुढची काच पुसून घ्यावी. कापडी पडद्याच्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांना आणखी एक धोका असतो. त्यांत आरसा नसतो, त्यामुळे उघडी लेन्स सूर्याकडे रोखून ठेवली तर पडद्याला जळून भोक पडते. एसएलआरमध्ये पडदा वाचतो, पण लांब लेन्समधून सूर्याकडे पाहणाऱ्या डोळ्याचे काय, हे ध्यानात ठेवावे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा बंद गाडीत राहिलेला रोल रंग बदलतो. वाळ्याच्या कूलरची दमट खोलीही फिल्मला मानवत नाही. रोल हवाबंद डबीत फ्रिजमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर तास-दीड तास डबी उघडू नये, नाहीतर फिल्मवर दव धरते.

इतके सांभाळूनही सोनेरी रंग हरवतो तो बहुधा लॅबमध्ये. डेलाइट फिल्म सुमारे ५५०० केल्विनच्या उजेडासाठी बनवलेली असते, त्यामुळे सकाळचे पिवळे ऊन ती पिवळेच टिपते. स्कॅनर मात्र हा पिवळेपणा दोष समजून आपोआप काढून टाकतो आणि किरण दुधी होतात. रोल देतानाच रंगदुरुस्ती नको असे लिहून द्यावे, शक्य तर टिफ फाइल मागावी. धुतलेली निगेटिव्हही न विसरता परत घ्यावी. स्कॅन बिघडला तरी तिच्यावरून दुसरा करता येतो.